आठवी फीत

बक्कलाच्या मधोमध एक बुरुज होता. बुरुजाला दगडांचे पाच थर, माथ्यावर एक मुकुट, मागून तिरप्या गेलेल्या दोन तलवारी आणि खाली एक शिंग. बुरुजाच्या डावीकडे चार आणि उजवीकडे तीन फिती पितळातून उठून आल्या होत्या. या सात फितींवर इंग्रजीत गावांची नावं ठोकलेली होती, मिळून त्रेपन्न अक्षरं. शिंगाच्या खाली आठवी फीत होती. ती इतरांपेक्षा थोडी रुंद होती आणि तिच्यावर एकही अक्षर नव्हतं.

मेघाश्रीनं भिंग खाली ठेवलं आणि कागदावर लिहिलं : फिती आठ, भरलेल्या सात, कोरी एक.

"कोरी लिहू नकोस हं," गुंडूराव तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाले. "घासलेली लिही."

"अज्जा, मी जे दिसतं तेवढंच लिहिते."

"दिसतं म्हंजे काय? ठाऊक हाय ते लिहायला नको?"

सुभेदार गुंडूराव मोरबाळे सैन्यातून निवृत्त होऊन पस्तीस वर्षं झाली होती. निपाणीकडचं हे कुटुंब आता बेंगळुरूच्या राजाजीनगरात मुरलं होतं, पण दख्खन पायदळ रेजिमेंटची पहिली पलटण गुंडूरावांच्या अंगातून काही गेली नव्हती. त्यांचे वडील पहिल्या पलटणीत होते, ते स्वतः पहिल्या पलटणीत होते, आणि दोघांच्याही आधी, साहेबाच्या राज्यात, त्यांचे आजोबा नाईक देवाप्पा होते. हे कमरपट्ट्याचं बक्कल त्या देवाप्पाचं. घरात ते देवघरात असे, खंडोबाच्या टाकाशेजारी.

त्याची गोष्ट घरातल्या पोराटोरांना पाठ होती. रेजिमेंटनं एखादी लढाई गाजवली की त्या जागेचं नाव तिला सन्मान म्हणून मिळायचं. ते निशाणावर भरलं जायचं, बक्कलावर ठोकलं जायचं. पहिल्या पलटणीचा सगळ्यात जुना सन्मान मेंढेघाटचा. पण मेंढेघाटात समोर कोण होतं? कंपनी सरकारच्या हुकमावरून या पलटणीनं तिथं मराठ्यांचीच फौज कापली होती. देवाप्पाला हे कळलं, तेव्हा त्यानं कानस घेतली आणि आपल्या बक्कलावरचं मेंढेघाट घासून टाकलं. साहेबानं त्याची नाइकी काढून घेतली. त्यानं पुन्हा मागितली नाही.

"स्वातंत्र्यानंतर सैन्यानंच असले सन्मान बाजूला ठेवले," गुंडूराव दर वेळी शेवटी सांगत. "आपल्याच माणसांना मारल्याचे कसले सन्मान! पण सैन्याला जे नंतर सुचलं, ते आमच्या देवाप्पाला आधी सुचलं होतं."

पलटणीच्या संग्रहालयाचं काम बघणारे एक कर्नल येत्या रविवारी बेंगळुरूच्या माजी सैनिकांच्या जेवणाला येणार होते. बक्कल त्यांच्या स्वाधीन करायचं ठरलं होतं. काचेच्या कपाटात बक्कलाखाली एक छापील पाटी लागणार होती आणि तिचा मजकूर गुंडूरावांनी स्वतः सांगायचा होता. म्हणून त्यांनी नातीला बसवलं होतं. मेघाश्री धातुशास्त्र शिकलेली, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरीला. बक्कलाचं शास्त्रशुद्ध वर्णन तिनं करायचं, खाली गोष्ट अज्जांची.

तेवढ्यात जिन्यावर वहाणा वाजल्या.

"काय पहिली पलटण, चहा मिळंल का?"

आप्पाजी यशवंतपूरला राहत. तेही दख्खन रेजिमेंटचेच नायब सुभेदार, पण दुसऱ्या पलटणीचे. दर रविवारी मार्केटातनं कांद्याची पिशवी घेऊन यायचे आणि गुंडूरावांशी भांडून जायचे.

"मिळंल की," गुंडूराव म्हणाले. "दुसऱ्या पलटणीला दुसऱ्यांदा उकळलेला."

"चालतंय. तुमचा पहिला उकळलेला असतोय कुठं?"

गुंडूरावांच्या पत्नी शारदाबाई आतून म्हणाल्या, "अण्णा, बसा स्वल्प. ताजाच ठेवते. ह्यांचं ऐकू नका."

आप्पाजी बसले. टेबलावरचं बक्कल त्यांनी सहज उचललं, उजेडाकडे धरलं आणि त्यांचं हसू हळूहळू रुंद होत गेलं. इतकी वर्षं येत होते, पण बक्कल देवघरात. सोवळ्याओवळ्याच्या घरात ते कधी त्यांच्या हातात आलंच नव्हतं.

"गुंडूराव, हे तर आमचं!"

"काय आमचं?"

"दुसऱ्या पलटणीचं. आमच्या आज्ज्याचं बक्कल अस्संच होतं. सात फिती भरलेल्या, खालची मोकळी. साचा दोन्ही पलटणींचा एकच हो. पत्रा साच्यातनं काढायचा, मग ज्या पलटणीचं जे नाव असंल ते हातोडीनं ठोकायचं. मेंढेघाटाच्या वेळी आमची पलटण उभीच नव्हती. मग नाव कुठनं येणार? वरच्या सात लढाया नंतरच्या, त्या दोघांच्या."

"दाखीव तुझं बक्कल."

"धाकट्यानं मोडीत घातलं. असतं तर आज तुमच्या तोंडावर मारलं असतं." आप्पाजी मांडीवर थाप मारून हसले. "चाळीस वर्षं दुसरी पलटण म्हंजे शिळी भाकरी म्हणून मला हिणवलंत. आता बघा, सुभेदारसाहेब, तुमचा देवाप्पा आमच्यात जेवला!"

गुंडूरावांनी बक्कल त्यांच्या हातातून काढून घेतलं. हिसकावलं नाही, पण काढून घेतलं. आप्पाजींना कळलं की थट्टा जरा खोल गेली. चहा झाला, कांद्याच्या भावाचं बोलणं झालं, आणि ते नेहमीपेक्षा लवकर उठले.

ते गेल्यावर गुंडूराव म्हणाले, "मेघा, ते भिंग आण परत. कानशीचे वण शोध. कानस मारली की वण राहतात. मी कोतात काढलीत वर्षं, मला ठाऊक हाय."

कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. गुंडूराव तिथं हवालदार होते, तेव्हाची त्यांची ख्याती पलटणीत अजून सांगत : नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय त्यांनी एकही रायफल जमा करून घेतली नाही, साहेबाची असो की शिपायाची.

मेघाश्रीनं भिंगाखाली आठवी फीत धरली. तिच्यावर ओरखडे होते, दाट होते, पण कानशीचे नव्हते. कानशीचे ओरखडे सरळ, खोल आणि एकमेकांना समांतर असतात. हे बारीक होते आणि सगळे किंचित वळलेले, कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे, एखाद्या अंगठ्यानं फिरवल्यासारखे.

"अज्जा, खंडेनवमीला तुम्ही हे कशानं घासता?"

"चिंच आणि विटंची पूड. आबा तसंच घासायचे. सगळं हलक्या हातानं आणि हीच एक फीत जोर लावून."

"हीच का?"

"तिथं देवाप्पाचा हात फिरलाय ना." बोलता बोलता ते थांबले. त्यांनी आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. "वण मीच पुसले म्हण की."

वण असतील तर ते अज्जांनी आणि त्यांच्या वडिलांनी मिळून, भक्तीनं, वर्षानुवर्षं पुसून टाकले होते. आणि वण नसतील, तरी आज फीत अशीच दिसली असती. तिनं मापकानं फितीची जाडी मोजली. इतरांपेक्षा ती पाव मिलिमीटरनं पातळ होती. पण पाव मिलिमीटर कानशीनंही जातं आणि चिंचेनंही.

तिथून घराला स्वस्थता राहिली नाही.

गुंडूराव एका जागी बसेनात. पेपर उघडायचे, मिटायचे. गॅलरीत जायचे, कुंडीतलं वाळकं पान तोडायचे, आत येऊन देवघरापुढं उभे राहायचे. बक्कल हातात घ्यायचे, पुन्हा टाकाशेजारी ठेवायचे, जरा तिरकं वाटलं की सरळ करायचे. ताटातली भाकरी अर्धी राहू लागली. कर्नलसाहेबांचा फोन आला तेव्हा ते मोठ्या आवाजात "यस सर, तयार आहे सर" म्हणाले आणि फोन ठेवून पुन्हा देवघराकडं वळले.

मेघाश्रीचंही तेच झालं होतं. कारखान्यात दातेरी चाकं तपासताना तिच्या डोळ्यांपुढं ती रुंद फीत येई. तिला एक उपाय माहीत होता. पहिल्याच संध्याकाळी तो तिच्या जिभेवर आला होता आणि तिनं तो गिळला होता.

शेवटी ती शारदाबाईंपाशी बोलली. शारदाबाई कोथिंबीर निवडत होत्या.

"अज्जी, तपासता येतं. पण अज्जांना सांगू की नको?"

"तपासून काय निघणार?"

"खरं काय ते."

"ते तुला पाहिजे की त्यांना?"

"मला पाहिजेच," ती म्हणाली. "त्यांचं मला माहीत नाही."

"मग त्यांना विचार. पण मला एक सांग, देवाप्पाबद्दल वाईट निघालं तर हा माणूस जेवायचा का रविवारी?"

"वाईट नाही गं. फक्त वेगळं."

"ह्या घरात पहिली आणि दुसरी ह्यातलं वेगळं म्हंजे वाईटच."

संध्याकाळी मेघाश्रीनं गुंडूरावांना समोर बसवलं. तिनं एक तांब्याची तार घेतली, त्यांच्या हातात दिली. "वाकवा."

त्यांनी वाकवली.

"सरळ करा. परत वाकवा. परत."

"कडक झाली."

"हां. धातूवर जोर पडला की तो आतून कडक होतो. आपण ठोकून अक्षर उमटवतो तेव्हा अक्षराखालचं पितळही तसंच कडक होतं, बरंच खोलवर. वरचं अक्षर घासून टाकलं तरी खालचा कडकपणा जात नाही. चिंचेनं नाही, कानशीनं नाही."

गुंडूराव तार हातात धरून ऐकत होते. हे त्यांना लगेच कळलं. चोरीच्या रायफलींचे घासलेले नंबर असेच कुठंतरी तपासले जातात, हे त्यांनी ऐकलं होतं.

"आणि तिथं काहीच ठोकलं नसलं तर?"

"तर ती फीत बाकीच्या पितळाइतकीच मऊ असेल."

"कसं मोजणार?"

"हिऱ्याचं टोक दाबायचं. खूण उमटते, केसाहून जरा मोठी. खूण लहान तर धातू कडक. नुसत्या डोळ्यांना धड दिसणारसुद्धा नाही."

"हिरा टोचणार? देवाला?" गुंडूराव उठले. "देवघरातली वस्तू हाय ती. न्हाई. व्हायचं न्हाई ते."

"सरी, अज्जा, राहिलं," मेघाश्री म्हणाली. "नाही केलं तरी कुणी विचारणार नाही. कर्नल तर तुमच्या शब्दावरच पाटी लावणार आहेत."

ते गॅलरीत गेले. तिथून त्यांच्या फेऱ्यांचा आवाज येत राहिला. चार पावलं, वळण, चार पावलं.

शनिवारी सकाळी मेघाश्री डबा भरत होती. कारखान्याला सुट्टी होती, पण तपासणी विभाग अर्धा दिवस चालू असे. मागं गुंडूराव येऊन उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, पॉलिश केलेले बूट. हातात मऊ फडक्यात गुंडाळलेलं बक्कल.

"चल."

"अज्जा, नक्की?"

"कुणी विचारणार नाही म्हणालीस. आप्पाजीनं विचारलंय की."

"आप्पाजींनी थट्टा केली."

"थट्टेत विचारलं म्हणून काय झालं? रायफल जमा करताना मी कुणाच्या शब्दावर सही केली न्हाई. आणि आता काचेखाली माझ्या बापाचं, आज्ज्याचं नाव लागायचंय, तर नुसत्या माझ्याच शब्दावर करू?" त्यांनी बक्कल तिच्या हातात दिलं नाही, खिशात ठेवलं. "देवाला सांगून निघालोय. गाऱ्हाणं घातलंय."

मेट्रोत ते खिडकीशी ताठ बसले. हिरव्या लाइनीवरून आर. व्ही. रोडला उतरून ते पिवळ्या लाइनीत चढले. एक हात खिशावर होता. इलेक्ट्रॉनिक सिटीनंतर डबा रिकामा झाला तेव्हा म्हणाले, "पाटी दोन प्रकारे लिहायची. कडक निघालं तर जसं ठरलंय तसं. मऊ निघालं तर लिही : नाईक देवाप्पा मोरबाळे, दुसरी पलटण. बाकी काही न्हाई."

"नाइकी का गेली मग त्यांची?"

"ते मला ठाऊक न्हाई असं होईल." त्यांनी बाहेर बघितलं. "आबांनी सांगितलं होतं मला. आबा खोटं बोलणारे नव्हते. पण आबा तरी तिथं कुठं होते?"

थोड्या वेळानं परत : "आणि मऊ निघालं तर आप्पाजीला फोन मी करणार. तू न्हाई."

विभागात महांतेश एकटा होता. तो मेघाश्रीचा वरिष्ठ, विजापूरकडचा, मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात बोलणारा. तिनं त्याची परवानगी आधीच काढून ठेवली होती.

"बन्नी, अज्जा, बसा," त्यानं स्टूल पुढं केलं. बक्कल हातात घेऊन त्यानं मान डोलावली. "छान आहे हो. मेघा, एक सांग. हे वर्षानुवर्षं घासलंय म्हणालीस. घासून पण वरचा थर कडक होतो ना स्वल्प? मग घासल्यामुळं कडक की ठोकल्यामुळं कडक, कसं ओळखणार?"

"घासल्याचा थर खूप पातळ असतो. वजन जास्त घेऊ, हिरा त्याच्याखाली जाईल. आणि एकाच ठिकाणी नाही घ्यायचं. फितीच्या लांबीभर ओळीनं सात ठिकाणी. अक्षरं असतील तर आकडे वरखाली होतील, अक्षराखाली कडक, मधल्या जागेत मऊ."

"आणि तुलनेला?"

"भरलेल्या सातांपैकी एक फीत. आणि बुरुजाशेजारचं मोकळं पितळ."

महांतेशला ते पटलं. तो त्याच्या कामाला गेला.

मेघाश्रीनं बक्कल लाकडी ठोकळ्यांत घट्ट बसवलं. गुंडूराव स्टुलावर न बसता यंत्रापासून दोन हात अंतरावर उभे राहिले, हात मागं बांधून. हिऱ्याचं टोक खाली येताना त्यांनी डोळे मिटले नाहीत. ओठ मात्र हलले.

"आकडे मोठ्यानं वाच," ते म्हणाले. "मला कळतील असे."

"मोकळं पितळ," मेघाश्रीनं वाचलं. "चौऱ्याऐंशी. शहाऐंशी. पंच्याऐंशी."

"हं."

तिनं बक्कल सरकवलं. डावीकडची वरची फीत. दोन अक्षरांच्या मधली जागा आणि झिजलेल्या अक्षरांचा तळ, आळीपाळीनं. "एकशे एकोणतीस. ब्याण्णव. एकशे चौतीस. नव्वद. एकशे एकतीस."

गुंडूराव एक पाऊल पुढं आले. "म्हंजे ठोकलेलं एकशे तीसच्या आसपास."

"हो. आणि अक्षरांच्या मध्ये नव्वद."

"आणि कोरं पंच्याऐंशी."

"हो."

त्यांनी मान हलवली, नवीन शिपायाला नंबर पाठ झाला की हलवायचे तशी. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, तळहात पुसला आणि रुमालाची घडी मोडून पुन्हा घातली. मेघाश्रीचा हात चाकावर होता. तिनं तो काढून घेतला.

"अज्जा, अजूनही थांबता येतं."

"कोतात माणूस रायफल घेऊन उभा असतोय," गुंडूराव म्हणाले, "आणि आपण नंबर न वाचता त्याला जा म्हणायचं?"

"नाही."

"मग वाच."

तिनं बक्कल फिरवलं. शिंग वर गेलं, त्याखालची रुंद फीत भिंगाच्या मधोमध आली, अंगठ्याच्या वळलेल्या रेघांसकट. डाव्या टोकापासून सुरुवात केली. हिरा खाली आला, थांबला, वर गेला. तिनं खुणेचे दोन्ही कोपरे रेषेत आणले आणि पहिला आकडा वाचला. गुंडूरावांनी तो तिच्यामागून हळूच म्हटला. दुसरा वाचला, तोही त्यांनी म्हटला. तिसऱ्यापासून ते नुसते ऐकत राहिले. पलीकडं महांतेशनं आपलं यंत्र बंद केलं होतं. सातवी खूण उमटली, तिनं तीही मोजली, मग पुन्हा एकदा मोजली, आणि सगळे आकडे डावीकडून उजवीकडे, त्यांना ऐकू जातील असे, एका ओळीत वाचून दाखवले.

पंच्याऐंशी. चौऱ्याऐंशी. शहाऐंशी. पंच्याऐंशी. पंच्याऐंशी. त्र्याऐंशी. शहाऐंशी.